नवीन कॉम्प्रेसर घेण्याआधी या चुका टाळा

शॉप फ्लोअरवरून "हवा कमी पडतेय" अशी ओरड आली की बहुतेक कारखान्यांत पहिला हात जातो तो कॉम्प्रेसरच्या (मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या) पॅनलकडे. दाबाचं 7 बारचं (बार म्हणजे दाबाचं एकक) सेटिंग साडेसात होतं, मग 8. मशीन चालू होतं, सुपरवायझर खूश, विषय मिटला. वीजबिलात मात्र तो मिटत नाही. दाब 1 बारने वाढवला की कॉम्प्रेसरची वीज साधारण 6-7 टक्क्यांनी वाढते. शिवाय जिथे जिथे गळती आहे तिथून हवा आणखी जोरात निघून जाते. मग पुन्हा दाब कमी पडतो, पुन्हा सेटिंग वर, आणि वर्षाच्या आत नवीन कॉम्प्रेसरचं कोटेशन टेबलावर येतं.

पॅनलला हात लावण्याआधी तीन ठिकाणचे गेज बघा: रिसीव्हरवर (हवा साठवायच्या टाकीवर), ड्रायर-फिल्टरच्या (हवेतलं पाणी आणि घाण काढणाऱ्या भागांच्या) पुढे आणि तक्रारवाल्या मशीनपाशी. हे मशीन चालू असतानाच बघायचं. बंद मशीनकडे हवा वाहत नाही, त्यामुळे सगळीकडे सारखाच दाब दिसतो आणि बघायला गेलेला माणूस "सगळं ठीक आहे" म्हणून परत येतो. रिसीव्हरला 7 आणि मशीनला साडेपाच असेल, तर दीड बार वाटेत खाल्ला जातोय. चोंदलेला लाइन फिल्टर, एफआरएलमधलं (मशीनपाशी बसवलेल्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरमधलं) काळंठिक्कर पडलेलं एलिमेंट, नाहीतर मशीन हलवताना तात्पुरती म्हणून जोडलेली बारीक नळी. तात्पुरती नळी वर्षानुवर्षं तशीच असते, हे वेगळं सांगायला नको.

आता गळती. दुर्लक्ष होतं ते इथेच, कारण हवा सांडली तर जमिनीवर डाग पडत नाही. तेल सांडलं की लगेच कोणीतरी ओरडतं. 7 बारला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून साधारण 3 किलोवॉट वाया जातात. वर्षाला 6000 तास आणि 8 रुपये युनिट धरलं तर हे एक भोक 1 लाख 44 हजारांना पडतं. देखभाल नसलेल्या लाइनमध्ये 20 ते 30 टक्के हवा अशी जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

मोजायला महागडं उपकरण लागत नाही. साप्ताहिक सुट्टीला सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) जातो आणि किती वेळ अनलोड (हवा न भरता नुसता फिरत) राहतो, ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर काही वेळा मोजून सरासरी काढा. समजा 3 मिनिटं लोड, 7 मिनिटं अनलोड. मग 10 पैकी 3 मिनिटं कॉम्प्रेसर निव्वळ गळती भरून काढतोय, म्हणजे क्षमतेच्या 30 टक्के. ही चाचणी लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची आहे. व्हीएफडीवाल्याला (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्याला) ती अशीच लागू पडत नाही.

त्याच शांततेत साबणाचं पाणी घेऊन फिरा. मुख्य पाइपच्या वेल्डिंगपेक्षा मशीनपाशीच्या शेवटच्या दोन मीटरमध्येच जास्त गळती सापडते: पुश फिटिंग, क्विक कपलर, एअर गन, सिलिंडरची सील. आणि ड्रेन! ऑटो ड्रेन (लाइनमध्ये साठलेलं पाणी आपोआप सोडणारा) गंजाने चोंदला की ऑपरेटर बायपासचा बॉल व्हॉल्व्ह किंचित उघडून ठेवतो. पाणी जातं, त्यासोबत चोवीस तास हवाही जाते. ऑपरेटरला बोलून उपयोग नाही, ड्रेनची जाळी साफ करण्याचं काम शेड्यूलमध्ये घ्या. सापडलेल्या प्रत्येक जागी टॅग लावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात ती जागा कोणालाच आठवत नाही.

उन्हाळ्यात स्क्रू कॉम्प्रेसर (फिरत्या स्क्रूंनी हवा दाबणारा) तापून ट्रिप होऊ लागला, म्हणजे आपोआप बंद पडू लागला, की त्याच्या पेटीचं दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावायची पद्धत आहे. दार उघडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये आतल्या हवेची वाटच बदलते आणि कूलरला हवा कमी मिळते. आधी कूलरच्या जाळीतली धूळ काढा, तेलाची पातळी बघा, आणि मशीनने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच पत्र्याच्या खोलीत फिरत नाही ना, हे तपासा. आत येणारी हवा 4 अंशांनी गरम झाली तरी वीज साधारण 1 टक्का जास्त लागते. तापमानाचा सेन्सर बायपास करून मशीन चालवणं मात्र कोणत्याही कारणाने नको.

पावसाळ्यात उलटं दुखणं. गरजेपेक्षा मोठा कॉम्प्रेसर कमी लोडवर चालला की तेल पुरेसं तापत नाही, हवेतली वाफ पाणी होऊन तेलात उतरते आणि तेल दुधाळ दिसतं. अशा वेळी नुसतं तेल बदललं तर महिन्याभरात पुन्हा तेच. सकाळी, मशीन थंड आणि दाब पूर्ण शून्य असताना, सेपरेटर टाकीच्या (हवेतून तेल वेगळं करणाऱ्या टाकीच्या) तळाचं पाणी काढा आणि थर्मल व्हॉल्व्ह (तेलाचं तापमान सांभाळणारा) तपासा.

एक शेवटची गोची. गळती बंद केली तरी बिल फारसं उतरत नाही, अशी तक्रार येते. अनलोडवर चालणारा स्क्रू कॉम्प्रेसरही पूर्ण लोडच्या 25 ते 40 टक्के वीज खातो. दोन मशीन आलटून पालटून लोड-अनलोड करत असतील, तर वाचवलेली हवा तिथेच जिरते. सेटिंग असं बसवा की एक मशीन सतत लोडवर राहील आणि दुसरं ठरावीक वेळ अनलोड राहिलं की आपोआप बंद होईल.