‘लेफ्ट’ नेमकं कसं वापरायचं

इंग्रजी ‘लीव्ह’चा (निघणं, सोडणं) भूतकाळ ‘लेफ्ट’, ‘लीव्ह्ड’ नव्हे. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, फील-फेल्ट यांच्याच घरातलं हे रूप: लांब ‘ई’ आखडून ‘ए’ होतो आणि शेवटी ‘ट’ येतो. तिसरं रूपही ‘लेफ्ट’च. ही चारही क्रियापदं एकत्र पाठ करावीत, एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात.

खरी अडचण रूपात नाही, पुढच्या शब्दात आहे. गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट घ्या. ‘द फेरी लेफ्ट रायबंदर’ म्हणजे फेरी रायबंदरहून सुटली. ‘द फेरी लेफ्ट फॉर रायबंदर’ म्हणजे रायबंदरला जायला निघाली. एका ‘फॉर’ने दिशा उलटी होते! मराठीत ‘हून’ असेल तर लेफ्टनंतर थेट गावाचं नाव घाला. ‘ला’ असेल तर आधी ‘फॉर’. ‘लेफ्ट टू मुंबई’ चूक. दोन्ही गावं सांगायची तर: ‘द मांडवी एक्सप्रेस लेफ्ट मडगाव फॉर मुंबई.’

‘बस सुटली आहे’ याचं ‘द बस इज लेफ्ट’ करू नका. ‘इज’ आणि ‘आर’सोबत लेफ्टचा अर्थ उरणं असा होतो: ‘ओन्ली वन बस इज लेफ्ट’, म्हणजे एकच बस उरली आहे. म्हापशाच्या स्टँडवर कुणी विचारलं आणि बस गेली असेल, तर ‘द बस हॅज लेफ्ट’ म्हणा. वेळ सांगायची असेल तर ‘हॅज’ काढा: ‘द बस लेफ्ट ॲट सेव्हन.’ ठरावीक वेळ आणि ‘हॅज लेफ्ट’ एका वाक्यात बसत नाहीत. शिकलेल्यांकडूनही ही चूक सर्रास होते.

नकारात आणि प्रश्नात भूतकाळ ‘डिड’ दाखवतो, म्हणून क्रियापद मूळ रूपात येतं: ‘द बस डिड नॉट लीव्ह’, ‘व्हेन डिड इट लीव्ह?’ मात्र हा ‘लीव्ह’ लांब उच्चारा. आखूड ‘लिव्ह’ म्हणजे राहणं.

छत्री बसमध्ये विसरली, तर जागा सांगताना ‘फरगॉट’पेक्षा ‘आय लेफ्ट माय अम्ब्रेला ऑन द बस’ बरोबर. नोकरी किंवा शाळा सोडली तर ‘लेफ्ट’ चालतं. सिगारेट सोडली असेल तर नाही. तिथे ‘गेव्ह अप स्मोकिंग’.