बेळगावहून नाशिकच्या वाइन-बागा बघायला जाताय? या चुका टाळा

बेळगाव ते नाशिक म्हणजे पुण्यावरून साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर. एवढी हाडं खिळखिळी करून आम्ही पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, पोरांना सुट्टी म्हणून. बागेत नुसती कोवळी फूट, घड औषधालाही नाही! वाइनच्या बागेचं वेळापत्रक खायच्या द्राक्षांपेक्षा काही वेगळं नसतं: एप्रिलात खरड छाटणी (नवी फूट यावी म्हणून), पावसाळा सरता सरता फळछाटणी (घड यावेत म्हणून), जानेवारी ते मार्च तोडणी. आमच्याबरोबर अथणीचे काका होते, घरची बाग असलेले. त्यांनाही हे सुचलं नाही, तर आमची काय कथा.

त्यातही स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनची, द्राक्षं सगळ्यांत आधी तुटतात. साखर कमी आणि आंबटपणा जास्त असतानाच ती तोडावी लागतात. म्हणून ज्याला ती तोडणी बघायची आहे त्याने जानेवारीतच फोन करून तारीख विचारावी. मात्र प्रजासत्ताक दिनाची सुट्टी गाठू नका. २६ जानेवारी ड्राय डे. फिरून याल आणि ग्लास कोरडाच राहील.

तोडणीच्या दिवसांत काकांना परत नेलं. त्यांनी सवयीने एक मणी तोडून तोंडात टाकला आणि ओरडले, "ह्यात बिया हाईत की!" असणारच. थॉमसन, सोनाका ही खायची, बेदाण्याची द्राक्षं. वाइनची शेनिन ब्लां किंवा शार्डोने बारीक, बियांची. पण विचारल्याशिवाय मणी तोडू नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं. बागायतदाराला हे मी सांगायचं म्हणजे कमालच.

पायात बूट हवेत. ठिबकच्या नळ्यांत चप्पल अडकते.

खरी चूक होते ती तळघरात. सगळे बाटल्यांच्या भिंतीसमोर फोटो काढतात आणि गाइडचं बोलणं मागे राहतं. नीट ऐका, कारण मजा तिथंच आहे. स्पार्कलिंगसाठी तयार वाइन बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात, बाटली बंद करतात. ती आतल्या आत पुन्हा आंबते, वायूला बाहेर वाट नसते, आणि दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त होतो. म्हणून ती बाटली एवढी जाड. मग मेलेलं यीस्ट तोंडाशी यावं म्हणून बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात. हाताने याला दीड-दोन महिने जातात, यंत्राने आठवडाभर. शेवटी बाटलीची मान गोठवून झाकण काढलं की गाळाचा बर्फ दाबानेच बाहेर उडतो. तुम्ही गेलात तेव्हा यातलं कुठलं काम चालू आहे ते विचारा. आणि हेही विचारा, की दुसरं आंबवणं बाटलीत होतं की टाकीत. दोन्ही पद्धती चांगल्या, पण टाकीवाल्याकडे फिरवायच्या बाटल्या शोधत बसाल.

आत गारवा असतो, स्वेटर ठेवा. अत्तर नको, वास घ्यायला गेलेले लोक तुमचाच वास घेऊन येतात.

चव घेताना गोंधळ होतो तो स्पार्कलिंगच्या बाटलीवरच्या 'एक्स्ट्रा ड्राय'चा. 'ड्राय' म्हणजे गोडी कमी, आणि 'ब्रूट' हा तसाच दुसरा कमी गोडीचा प्रकार. नाव कडक, पण ती ब्रूटपेक्षा गोड. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. गोड खाणाऱ्या घरात ब्रूट नेलीत तर तोंडं वाकडी होतील. डोकं हलकं वाटू लागलं तर पुढचा ग्लास सोडा, पाणी प्या, काहीतरी खा. गाडी चालवणाऱ्याने नुसता वास घ्यावा.

परतताना बाटल्या उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने दाब वाढतो. आणि कोगनोळी ओलांडली की राज्य बदलतं, दारूचे नियमही बदलतात. किती बाटल्या चालतात ते निघण्याआधीच अबकारी खात्यात विचारा. आम्ही तो व्यापच नको म्हणून नाशिकहून बेदाणे आणले. काकांनी एक चावून बघितला, "आमच्याकडचाच माल दिसतो," म्हणाले आणि पिशवी परत माझ्या हातात दिली.