स्ट्रॉबेरीच्या एका रोपाची अनेक कशी करायची

नर्सरी बघायला आलेली माणसं हमखास विचारतात, "बी पेरत नाही का तुम्ही?" नाही पेरत. स्ट्रॉबेरी मुळातच संकराची, बियांतून काय निघेल त्याचा भरवसा नाही. रनर म्हणजे रोपातून जमिनीवर सरपटत जाणारी बारीक फांदी, आणि रनरचं रोप म्हणजे आईच पुन्हा उगवलेली. विंटर डॉन या जातीच्या रनरला विंटर डॉनच लागणार.

नाव महाबळेश्वरचं, २०१० सालचं भौगोलिक मानांकनही त्याच नावाचं. पण तिथल्या पावसात कोवळी रोपं कुजतात. म्हणून पावसाळाभर नर्सरी आमच्या वाईकडे घाटाखाली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं वर.

जूनमध्ये मदर प्लांट, म्हणजे जिचे रनर घ्यायचे ती आई-रोपं, लावा. ती निवडताना कंजुषी नको, कारण गुणांसोबत आईच्या अंगातला रोगही रनरमधून लेकीत उतरतो. शंका आली तर एखादं रोप उपटून बुडखा उभा कापा. आतून पांढरा असला तर ठीक. लालसर-तपकिरी डाग दिसले तर त्या रोपाचे रनर घेऊ नका. पुढं फुलं आली की खुडायची. दिवस मोठा आणि हवा उबदार, म्हणजे रोपाचा कल रनर सोडण्याकडंच असतो.

आता रनर हातात धरून नीट बघा. पहिल्या पेरावर बहुधा नुसतं खवल्यासारखं पान असतं, तिथं रोप धरत नाही. दुसऱ्या पेरावर पानांचा झुबका येतो आणि त्याच्या बुडाशी बारीक टेंगळं दिसतात. ती मुळांची सुरुवात. माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू भरलेल्या पिशवीवर हे बूड टेकवा आणि तारेचा यू करून रनर दाबा. घरी केसांची पिन चालते. मधला कोंब मातीखाली जाऊ देऊ नका, कुजतो.

नाळ लगेच तोडायची नाही. मुळं धरेपर्यंत पाणी-अन्न आईकडूनच येतं. तीन-चार आठवड्यांनी झुबका हलकेच ओढून बघा, सुटला नाही तर दोन्ही बाजूंनी कापा. आईकडच्या बाजूला बोटभर देठ ठेवला तर लावताना धरायला बरा. एका रनरवर पुढं पुढं रोपं येतच राहतात, पण शेवटची बारकी असतात. मी पहिली दोन-तीन ठेवते आणि शेंडा मारते.

भाचीच्या दहावीच्या विज्ञानात मुकुलायन आहे. हायड्राच्या अंगावर कळी फुटते, तिला शुंडकं येतात आणि पिल्लू सुटून वेगळं होतं. प्रवाळाचं मात्र सुटत नाही. चिकटून राहतं, त्याला आणखी फुटतात, अशी वसाहत वाढते. "मावशी, मग तुझी स्ट्रॉबेरी कुठल्यातली?" कात्री लागेपर्यंत प्रवाळातली, नंतर हायड्रातली.

कापलेली रोपं आठवडाभर शेडनेटखाली ठेवा. पिशवीत पाणी साचू देऊ नका. नवं पान फुटलं की गादीवाफ्यावर लावायला हरकत नाही.