पायथॉनमधील लॉगच्या पातळ्या तीनवर कशा आणाव्यात

म्हापशातील एका काजूविक्रेत्याच्या दुकानातला बिलांचा पायथॉन प्रोग्राम मी सांभाळतो. एका शुक्रवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, प्रिंटर बंद पडला. लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना करीत जातो त्या नोंदींची फाइल, उघडला तेव्हा कागद संपत आल्याची नोंद शेकडो 'वॉर्निंग'मध्ये बुडालेली सापडली. त्यानंतर मी नोंदींचे महत्त्व दाखवणाऱ्या पातळ्या कमी केल्या, ती पद्धत येथे देत आहे.

पायथॉनच्या प्रमाणित लायब्ररीत 'लॉगिंग' हे मॉड्यूल २००३ साली, २.३ आवृत्तीत आले. त्यात डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५० अशा पाच पातळ्या आहेत. जावाच्या लायब्ररीत त्या सात आहेत, तर गो भाषेच्या २०२३ मधील स्लॉग पॅकेजात चार. माझ्या मते लहान प्रोग्रामला डीबग, इन्फो आणि एरर एवढ्या तीन पुरतात.

सर्वप्रथम कोडमधील प्रत्येक वॉर्निंग शोधून काढावी आणि ही नोंद वाचून कोणी, केव्हा, काय करायचे आहे, असा प्रश्न तिला विचारावा. आजच कोणाला तरी हात घालावा लागणार असेल तर ती एरर होय. कागद संपत येणे याच वर्गात बसते, कारण दुकानदाराला रोल बदलावाच लागतो. कोणालाही काही करायचे नसेल तर ती इन्फो होय. पावसाळ्यात वीज गेल्यामुळे इंटरनेट तुटते आणि दुसऱ्या प्रयत्नात बिल सर्व्हरवर पोहोचते, तेव्हा ती इन्फो; सगळे प्रयत्न फसले, तरच एरर. वॉर्निंगचा खरा दोष असा, की लिहिणाऱ्याला निर्णय टाळण्याची सोय मिळते आणि तो भार वाचणाऱ्यावर पडतो. क्रिटिकलचेही एररमध्ये रूपांतर करावे. प्रोग्राम पुढे चालूच शकत नसेल, तर एरर नोंदवून त्याने थांबावे.

लॉगर म्हणजे नोंदी स्वीकारणारा भाग; आपल्या पातळीपेक्षा खालच्या नोंदी तो गाळतो. यानंतर सर्व लॉगरांच्या मुळाशी असलेल्या मूळ लॉगरची पातळी इन्फोवर आणणे आवश्यक आहे, कारण ती मुळात वॉर्निंगवर असते आणि तशीच ठेवल्यास नव्याने इन्फो केलेल्या साऱ्या नोंदी गुपचूप गळतात. हे काम 'बेसिककॉन्फिग' हे फंक्शन करते. मात्र मूळ लॉगरला आधीच एखादा हँडलर, म्हणजे नोंदी फाइलीत किंवा पडद्यावर पोहोचवणारा भाग, जोडलेला असेल तर ते काहीच करीत नाही. अशा वेळी ३.८ आवृत्तीपासून उपलब्ध असलेला 'फोर्स' या पर्यायाला 'ट्रू' (खरे) हे मूल्य द्यावे.

इतरांच्या लायब्रऱ्या वॉर्निंग पाठवीतच राहतात. त्रास देणाऱ्या लायब्ररीच्या लॉगरची पातळी एररवर नेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण त्यातून आपल्याला हव्या असलेल्या वॉर्निंगही दिसेनाशा होतात. निवड करायची असेल तर फिल्टर, म्हणजे कोणती नोंद पुढे जाऊ द्यायची हे ठरवणारा कोड, लिहावा आणि तो लॉगरला न जोडता हँडलरला जोडावा, कारण लॉगरवरचा फिल्टर त्याच्या उपलॉगरकडून आलेल्या नोंदींना लागू होत नाही. याच गोष्टीत माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. फिल्टरमध्ये मूळ नोंद बदलू नये, कारण तीच पुढे दुसऱ्या हँडलरकडेही जाते; ३.१२ आवृत्तीपासून फिल्टर बदललेली प्रत परत देऊ शकतो, तीच वाट धरावी.

'ॲडलेव्हलनेम' या फंक्शनने ३० या अंकाला दुसरे नाव देण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने केवळ नाव बदलते, अंक आणि गाळणी तशीच राहते.

बदल झाल्यावर गर्दीच्या एका दिवसाचा लॉग दुकानदाराबरोबर बसून वाचावा आणि ज्या एररवर त्याने काहीच केले नाही, ती त्याच दिवशी इन्फो करावी.