बीट कापते आहे की घासते आहे : छोट्या सीएनसीवर प्लॅस्टिक कापताना

भुसावळला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी ३०१८ प्रकारचे छोटे सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञेनुसार माल कापणारे) मांडले, तेव्हा पहिले काम म्हणून बहिणीच्या घराची नावाची पाटी घेतली होती. ३ मिमी जाडीची काळी अ‍ॅक्रिलिक शीट, यंत्राबरोबर आलेले टोकदार बीट (फिरत कापणारे पाते) आणि यंत्र नवे आहे म्हणून मुद्दाम कमी ठेवलेला फीड (बीट पुढे सरकण्याचा वेग), एवढ्या तयारीवर काम सुरू केले. दोन अक्षरे झाल्यावर आवाज चिरका झाला, बीटाच्या टोकाभोवती काळा गोळा जमला, मागे कापलेली खाच वितळलेल्या मालाने पुन्हा भरून आली आणि तिसऱ्या अक्षराच्या वेलांटीत बीट तुटले.

शेजारचे आबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. आवाज ऐकून ते वर आले, तो गोळा नखाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "अरे भाऊ, हाई कापाई नही ऱ्हायनं, वितयी ऱ्हायनं." त्यानंतर त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही, टेबलावर पडलेली पूड तेवढी चिमटीत घेतली. माल कोणताही असो, किसाकडे पाहावे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ होता. कापताना निर्माण होणारी उष्णता किसाबरोबर बाहेर पडली पाहिजे. किसाऐवजी पीठ पडत असेल, तर बीट कापत नसून घासत आहे आणि ती सारी उष्णता शीटमध्ये व बीटात मुरते आहे, असे समजावे. अ‍ॅक्रिलिक साधारण १०० ते १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि एवढे तापमान नुसत्या घर्षणाने सहज गाठले जाते.

म्हणजे 'हळू चालवले की सुरक्षित' हा माझा समजच मुळात उलटा होता. हिशेब अगदी सोपा आहे : फीडला फेऱ्यांच्या संख्येने आणि बीटाच्या दातांच्या संख्येने भागले की प्रत्येक दात एका फेऱ्यात किती माल काढतो ते कळते. यालाच चिपलोड म्हणतात. मिनिटाला १०,००० फेरे, दोन दातांचे बीट आणि मिनिटाला २०० मिमी फीड धरला, तर चिपलोड फक्त ०.०१ मिमी येतो, म्हणजे निव्वळ घासणे. त्याच फेऱ्यांवर एका दाताचे बीट लावून फीड ८०० केला, तर तो ०.०८ मिमी होतो आणि टेबलावर कोरडा, पांढरट कीस पडू लागतो. ३०१८ ची चौकट लवचीक असल्यामुळे एका थरात ०.५ मिमीपेक्षा जास्त खोल जाण्याचा हट्ट मी धरत नाही. खोली कमी ठेवावी, पण फीड कमी करू नये. यंत्राबरोबर मिळणारी टोकदार बिटे नक्षीसाठी आणि सर्किट बोर्डासाठी ठीक आहेत. शीट आरपार कापायची तर ३.१७५ मिमी दांड्याचे, एकच दात आणि रुंद खाच असलेले बीट विकत घ्यावेच लागते.

तरीही बीट वेलांटीतच का तुटले, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते, कारण फीड वाढवूनही सरळ रेषा स्वच्छ येत आणि वळणे वितळत. उत्तर जीआरबीएलच्या, म्हणजे यंत्राच्या कंट्रोलरमधील प्रणालीच्या, त्वरणाच्या सेटिंगमध्ये निघाले. तिथे १० मिमी प्रति सेकंद वर्ग हा मूळ आकडा तसाच राहिला असेल, तर ८०० चा वेग गाठायलाच सुमारे ९ मिमी अंतर लागते आणि थांबायला तेवढेच. २० मिमीच्या अक्षरात असा सलग रस्ता मिळतो कुठे? पडद्यावर ८०० दिसत असताना बीट प्रत्यक्षात वळणावर रांगत असते आणि स्पिंडल (बीट फिरवणारी मोटर) मात्र पूर्ण वेगाने फिरत असतो. त्वरण थोडे थोडे वाढवून पाहावे आणि मोटरच्या पायऱ्या (स्टेप) चुकल्याचा खडखडाट येऊ लागला की मागे यावे. बारीक अक्षरांसाठी फेरेही कमी करावेत.

फेरे कमी करतानाही माझी फसगत झाली. प्रोग्रॅममध्ये फेरे ६,००० लिहिले, तरी स्पिंडलचा आवाज तसूभरही उतरला नाही. कंट्रोलरमधील '$३०' ही सेटिंग, म्हणजे स्पिंडलचा कमाल वेग, १,००० वर होती. त्यापुढचा प्रत्येक आकडा यंत्र 'पूर्ण वेग' असाच वाचत होते. तिथे १०,००० भरल्यावर आवाज उतरला. नवख्याने शीट लावण्याआधी हे एकदा कानाने तपासून घ्यावे.

शीट घेताना ती कास्ट (साच्यात ओतलेली) आहे की एक्स्ट्रुडेड (दाबून काढलेली), हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. एक्स्ट्रुडेड शीटची जाडी एकसारखी असते, पण ती लवकर चिकट होते आणि दोऱ्यासारखा कीस सोडते. कास्ट शीट कोरडी कापली जाते, मात्र '३ मिमी' म्हणून घेतलेली शीट व्हर्नियरवर २.८ भरू शकते. जाडी मोजूनच कापायची खोली भरावी आणि शीटखालच्या एमडीएफच्या लाकडी फळीत बीट ०.२ मिमी उतरू द्यावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मात्र कोणत्याही मॅन्युअलमध्ये काही लिहिलेले नसते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त होते आणि दुपारी दुहेरी चिकटपट्टीचा गोंद इतका मऊ पडतो की कापता कापता तुकडा सरकतो. शिवाय ३०० मिमीची अ‍ॅक्रिलिक शीट २० अंशांनी तापली की सुमारे ०.४ मिमी वाढते. चारही कडा क्लॅम्पने आवळल्या असतील, तर ही वाढ मध्यभागी फुगवटा होऊन वर येते. कडांना बरोबर बसलेला काप मध्ये जास्त खोल गेलेला पाहून मी दोन दिवस यंत्राचा झेड (वर-खाली सरकणारा) अक्ष तपासत बसलो होतो. आता उन्हाळ्यात मी सकाळी सहा ते नऊ एवढेच कापतो, शीट आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत ठेवतो आणि एमडीएफवर व शीटखाली मास्किंग टेप लावून त्या दोन टेपांमध्ये फेव्हिक्विकचे थेंब सोडतो. एचडीपीई या प्लॅस्टिकला टेप धरत नाही, तिथे क्लॅम्पच हवेत.

बीट सरळ खाली खुपसू नये, उतरत्या रेषेने आत न्यावे, कारण एका जागी फिरत थांबलेले बीट तिथेच वितळवते. खाचेत साचलेला कीस पुन्हा चिकटतो, म्हणून हवा मारत राहावी. मी मत्स्यपेटीचा पंप वापरतो आणि तो पुरतो. चष्मा आणि मास्क लावावा. सरावासाठी बोर्डवाल्यांकडचे सनबोर्डचे तुकडे उत्तम, पण सनबोर्ड हे पीव्हीसीच असल्याने या यंत्रांबरोबर मिळणारे लेझर त्यावर कधीही चालवू नये. जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राचे लोखंडही गंजवतो.

बहिणीची पाटी तिसऱ्या खेपेला अगदी मनासारखी कापली गेली. कडेवरचे डाग जावेत म्हणून मी ती थिनरने पुसली आणि सकाळपर्यंत अक्षरांच्या कडांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या. चौथी पाटी साबणाच्या पाण्याने धुतली. तीच आता तिच्या दारावर आहे.