फ्लास्कवर नाव लिहिण्याआधी

अरोमॅटिक रिंग आणि धातू यांच्या संशोधनात येणारी मुलं दोन वाटांनी येतात. काहींचा हात सेंद्रिय रसायनात बसलेला असतो. कॉलम लावणं, टीएलसी बघणं (म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं आणि पातळ थरावर तपासणं) त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, पण धातूच्या डी-ऑर्बिटलचा विषय निघाला की ती गप्प होतात. दुसऱ्या वाटेनं येणाऱ्यांना धातू, त्याची ऑक्सिडेशन अवस्था, चुंबकत्व सगळं ठाऊक असतं, आणि मिश्रणातून चार पदार्थ वेगळे करायचे म्हटलं की धडकी भरते. मी पहिल्या वाटेनं आले. दोन्हींकडच्या नवख्यांसोबत काम केल्यावर आता एवढं सांगू शकते की कमी पडणारी बाजू सहा महिन्यांत भरून निघते. वेळ लागतो तो एका वेगळ्याच सवयीला. आपण फ्लास्कमध्ये काय टाकलं आणि आता फ्लास्कमध्ये काय आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे मनात पक्कं बसायला मला दीड वर्ष लागलं.

सुरुवात इलेक्ट्रॉन मोजण्यापासून करा. फेरोसीन घ्या, म्हणजे पाच-पाच कार्बनांच्या दोन रिंगांमध्ये बसलेलं लोह. अशा पदार्थांत धातूभोवती बहुधा १८ इलेक्ट्रॉन भरतात, तेच इथे मोजायचे. लोह उदासीन धरलं तर त्याचे ८ आणि प्रत्येक सायक्लोपेंटाडायइनाइल रिंगचे ५-५, एकूण १८. आयन धरून मोजलं तर लोह दोन धनभारांचं, त्याचे ६, आणि ऋणभारित रिंगांचे ६-६, एकूण पुन्हा १८. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकाच गणितात दोन्ही मिसळल्या की मात्र उत्तर हमखास चुकतं. एक पद्धत निवडा आणि वाचनात दिसेल तो प्रत्येक कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला जोडलेले गट) पेन घेऊन मोजा. चौरस-प्रतलीय पॅलेडियम किंवा प्लॅटिनम १६ वरच समाधानी असतात, हेही मोजता मोजताच कळतं. नियम पाठ करून ते कळत नाही.

रिंगची बाजूही मुळापासून समजून घ्या. फॅराडेनं १८२५ मध्ये दिव्याच्या वायूतून उरणाऱ्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळं केलं. केकुलेनं रिंगची रचना मांडली ती १८६५ मध्ये. आणि रिंग खरोखर सपाट आहे हे कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्झामिथाइलबेंझीनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून १९२९ मध्ये दाखवलं. म्हणजे पदार्थ हातात आल्यापासून त्याचा आकार डोळ्यांना दिसेपर्यंत शंभरहून अधिक वर्षं गेली. बेंझीनमधले सहाही कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटरचे, एकेरी बंधाच्या १५४ आणि दुहेरीच्या १३४ च्या मधले. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तुमच्या स्वतःच्या कॉम्प्लेक्सची स्फटिकरचना येईल तेव्हा धातू चिकटल्यावर रिंगचे बंध किती ताणले, हे तुम्ही याच आकड्याशी ताडून बघणार आहात.

आता फेरोसीनची हकिकत. नवख्यांना मी ती नेहमी सांगते. कीली आणि पॉसन या रसायनशास्त्रज्ञांना फुल्व्हॅलीन, म्हणजे पाच-कार्बनी दोन रिंगा जोडलेलं संयुग, बनवायचं होतं. त्यासाठी त्यांनी सायक्लोपेंटाडायइनाइल ग्रिन्यार (मॅग्नेशियमयुक्त) अभिकारकाची फेरिक क्लोराइडशी अभिक्रिया केली. फुल्व्हॅलीन काही मिळालं नाही. मिळाले नारिंगी स्फटिक, ज्यांत लोह होतं आणि जे १७३ अंशांच्या आसपास न विघटता वितळत होते. कार्बन आणि लोह यांचा बंध एवढा टिकाऊ असेल असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. १९५१ च्या अखेरीस त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रचना काढली ती दोन्ही रिंगांच्या एकेका कार्बनला लोह जोडल्याची, आणि ती चुकीची होती. पुढच्याच वर्षी विल्किन्सन आणि वुडवर्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे फिशर यांनी, लोह दोन रिंगांच्या मध्ये सँडविचसारखं बसलेलं आहे असं मांडलं. फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३ चं नोबेल मिळालं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते कीली आणि पॉसन यांचं वागणं. हवा तो पदार्थ मिळाला नाही म्हणून त्यांनी फ्लास्क धुऊन टाकला नाही. काय मिळालंय ते त्यांनी बघितलं.

उलटं उदाहरणही आहे. फ्रान्झ हाइन यांनी १९१९ मध्ये क्रोमियम क्लोराइड आणि फिनाइल ग्रिन्यार यांपासून रंगीत पदार्थ मिळवले आणि धातूला फिनाइल गट सिग्मा बंधानं, म्हणजे एकेका कार्बननं, जोडलेले आहेत असं मानलं. त्या रेणूंमध्ये क्रोमियम दोन बेंझीन रिंगांच्या मध्ये बसलेला होता, हे उलगडायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. साडेतीन दशकं सँडविच बाटलीत होतं आणि वरच्या लेबलवर दुसरंच नाव होतं.

धातूमुळे रिंगचा स्वभाव कसा पालटतो, हे एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनचे सिग्नल टिपणाऱ्या तपासणीत) फार सुंदर दिसतं. साध्या बेंझीनचे प्रोटॉन ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ७.३६ पीपीएमला (सिग्नलची जागा मोजायचं एकक) येतात. तीच रिंग क्रोमियम ट्रायकार्बोनिलला बांधली की ते ५.३ च्या आसपास घसरतात. धातूचा हा गट रिंगमधली इलेक्ट्रॉन-घनता आपल्याकडे ओढतो, आणि एरवी न्यूक्लिओफाइलला (इलेक्ट्रॉन देऊ पाहणाऱ्या अभिकारकाला) दाद न देणारी रिंग त्याचा हल्ला घ्यायला तयार होते. पिवळाधमक पदार्थ, तीन कार्बोनिल, आणि आयआरमध्ये (अवरक्त किरणांच्या स्पेक्ट्रममध्ये) दोन ठळक पट्टे. पहिल्यांदा हा स्पेक्ट्रम समोर आला तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले होते. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्या हातच्या पदार्थात दिसत होती.

पण त्याच्या कितीतरी आधी माझी चूक झाली होती, ती सविस्तर सांगते. सरावासाठी मला ॲसिटाइलफेरोसीन बनवायला दिलं होतं. फेरोसीन, ॲसेटिक ॲनहायड्राइड, थोडं फॉस्फोरिक आम्ल. नवख्यांना देतात ती ठरलेली अभिक्रिया. कॉलमवर हेक्झेन सोडलं की न बदललेलं फेरोसीन पिवळ्या पट्ट्यात सरसर खाली येतं. इथाइल ॲसिटेट वाढवत नेलं की मागून नारिंगी-लाल पट्टा उतरतो, तो आपला माल. मी पट्टा गोळा केला, रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) सुकवला, वजन केलं. यील्ड, म्हणजे गणितानं मिळायला हव्या त्या मालाच्या तुलनेत मिळालेला माल, १०४ टक्के.

शंभराच्या वर यील्ड आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कागदावर कुणीही सांगेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गडद नारिंगी गोळा होता आणि तो किंचित चिकट आहे हे मी मनावर घेतलं नाही. एनएमआर घेतला. रिंगच्या प्रोटॉनचा भाग ४.१ ते ४.८ पीपीएम, त्यात ९ प्रोटॉन हवेत. माझे जवळजवळ ११ भरले. मी वहीत लिहिलं, "थोडं डायॲसिटाइल (दोन ॲसिटाइल गट लागलेलं) मिसळलं असावं." सीनियरनं स्पेक्ट्रम हातात घेतला आणि विचारलं, "अगं, मिथाइल २.३९ ला आहे, मग हा २.०५ चा कुणाचा? आणि ४.१२ ला चार दात का दिसतायत?"

२.०५ ला एकेरी, ४.१२ ला चौपदरी, १.२६ ला तिपदरी. इथाइल ॲसिटेट. त्याचा चौपदरी सिग्नल नेमका फेरोसीनच्या रिंगशेजारी येऊन बसतो आणि मिथाइल ॲसिटाइलच्या परिसरात. मी सॉल्व्हंटचे प्रोटॉन रिंगमध्ये मोजले होते आणि आलेल्या फरकाला सोयीचं नाव दिलं होतं. नमुना रात्रभर हाय व्हॅक्यूमवर ठेवला, चिकटपणा गेला, यील्ड ७८ टक्क्यांवर आलं आणि रिंगचे प्रोटॉन बरोबर ९ झाले.

त्या दिवसापासून पाळत असलेल्या दोन गोष्टी तुम्हालाही सांगते. धातूच्या पदार्थांचा रंग फार गडद असतो, चिमूटभर माल भरपूर द्रावण रंगवतो. म्हणून रंगावरून प्रमाणाचा अंदाज बांधू नका. दुसरं, नेहमीच्या सॉल्व्हंटचे सिग्नल तोंडपाठ करा. क्लोरोफॉर्मचा ७.२६, त्यातल्या पाण्याचा १.५६, सिलिकॉन ग्रीसचा ०.०७. आपला स्पेक्ट्रम उघडल्यावर आधी हे पाहुणे ओळखून बाजूला काढायचे आणि मग उरलेल्याकडे वळायचं. आणि सगळेच सिग्नल पसरट, फुगलेले दिसले तर मशीनला दोष देण्याआधी नमुन्यात अयुग्मित इलेक्ट्रॉन आलाय का ते बघा. फेरोसीनमधला अंशभाग जरी ऑक्सिडाइज होऊन फेरोसीनियम झाला तरी सिग्नल रुंदावतात. जुन्या क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो. ते ॲल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळून घेतलं तर पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

हवेपासून जपायचे पदार्थ हाताळणं वाचून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. श्लेंक लाइनवर (हवा काढून नायट्रोजन भरायच्या काचेच्या नळ्यांवर) व्हॅक्यूम आणि नायट्रोजन आलटून पालटून तीनदा देणं, नळी लावताना आधी कोणता नळ फिरवायचा, हे आधी रिकाम्या फ्लास्कवर वीस वेळा करा. एक धोका मात्र कुणी न विचारता सांगायलाच हवा. ट्रॅपला (पंपाआधी वाफा गोठवून अडवणाऱ्या नळीला) द्रव नायट्रोजन लावलेला असताना लाइनमध्ये हवा ओढली जाऊ देऊ नका. नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन ट्रॅपमध्ये द्रव होऊन साठतो. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला तर नळ बंद करू नका, नायट्रोजनचं भांडं काढू नका, सगळ्यांना खोलीबाहेर काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तिथे सेंद्रिय सॉल्व्हंटही असेल तर स्फोट होऊ शकतो.

आणि हातमोज्यांबद्दल. कॅरेन वेटरहान धातूंच्या विषारीपणावरच संशोधन करणाऱ्या प्राध्यापक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये एनएमआरसाठी नमुना तयार करताना डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. तो द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातो, हे तेव्हा फारसं माहीत नव्हतं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांनी त्या वेळच्या रीतीप्रमाणे काळजी घेतलेली होती. म्हणून मी प्रत्येक नव्या धातू-कार्बन संयुगाआधी विचारते की हा पदार्थ कोणत्या हातमोज्यातून किती वेळात जातो. उत्तर सापडलं नाही तर अभिक्रिया लावत नाही. बेंझीनच्या जागी टोल्युईन चालत असेल तर टोल्युईनच वापरा, यावर चर्चेची गरज नाही.

स्फटिकांसाठी धीर लागतो, तोही शिकावा लागतो. अरुंद नळीत तळाला डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण, वरून भिंतीलगत थेंबाथेंबानं सोडलेलं हेक्झेन. दोन थरांची सीमा स्पष्ट दिसली पाहिजे. मग ती नळी पंपाच्या थरथरीपासून दूर ठेवा आणि उचलू नका. मी दिवसातून तीनदा उचलून उजेडात धरत होते, आणि दर वेळी थर मिसळून पूड पडत होती. चौथी नळी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागले. अकराव्या दिवशी भिंतीला लालसर सुया लागलेल्या होत्या. त्या गाळून कोरड्या करू नका, आईद्रावणातच, म्हणजे ज्यात वाढल्या त्या द्रावणातच, राहू द्या. सॉल्व्हंट उडालं की कित्येक स्फटिक तडकतात. आणि एका सुईची रचना म्हणजे अख्ख्या फ्लास्कची रचना असं समजू नका. बाकीच्या मालाचं मूलद्रव्य विश्लेषण ०.४ टक्क्यांच्या आत जुळतंय का ते बघायचंच.

गट निवडताना एकच सुचवते: गाईडसोबत तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशीही बोला आणि त्यांना विचारा, तुमची न चाललेली अभिक्रिया कोणती? जे मोकळेपणानं सांगतील त्यांच्यात जा. शोधनिबंध वाचताना सपोर्टिंग इन्फर्मेशन आधी उघडा. किती मिली, किती तास, कोणता रंग, हे तिथेच असतं.

रंग मी वेळेसह लिहिते. एकदा ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून फेरोसीनवर एक नवा गट लावत होते. तीच अभिक्रिया, तेच प्रमाण. काही दिवस सुरेख चालायची, काही दिवस निम्मा मालही यायचा नाही. अभिकारक बदलले, सॉल्व्हंट पुन्हा सुकवलं, दोन महिने गेले. शेवटी जुनी वही काढून एकेक प्रयोग शेजारी शेजारी मांडला. बिघडलेल्या प्रत्येक दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "४० मिनिटांनी हिरवट झाक." एरवी फेरोसीन हवेला दाद देत नाही, पण आम्ल आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की निळसर-हिरवं फेरोसीनियम तयार होतं. म्हणजे हवा आत येत होती. मी प्रत्येक वेळी तोच रबरी सेप्टम (सुई टोचायचं फ्लास्कचं बूच) वापरत होते, आणि सुयांनी त्याची चाळण झालेली होती. दुसऱ्या दिवशी नवा सेप्टम लावला. ४० मिनिटं झाली, तास झाला. द्रावण नारिंगीच राहिलं.