मालवणात पहिली स्कूबा डायव्ह: आधी कान, मग समुद्र

स्कूबा करायला मालवणला निघालो म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण तुला पोहता कुठे येतं?" तारकर्ली, देवबाग, मालवण या पट्ट्यात नवख्यांना जी डायव्ह करवतात, तिच्यात पोहणं जवळपास लागत नाही. इन्स्ट्रक्टर पाठीवरची टाकी धरून तुम्हाला खाली नेतो आणि वर आणतो. पोहता येत असेल तर धास्ती कमी वाटते, इतकंच. खरे प्रश्न दोन: दाबाखाली तुमचा कान मोकळा होतो का, आणि नाकाला पाणी लागलेलं असताना तोंडाने शांतपणे श्वास घेता येतो का? दोन्हींची तयारी घरीच करता येते, आणि बहुतेक जण नेमकी तीच करत नाहीत.

तारीख कॅलेंडर बघून ठरवा

डायव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद असतं. हंगामाच्या अगदी सुरुवातीला नद्यांचा गाळ अजून पुरता बसलेला नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त भरवशाचे. आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ असते, तळ ढवळला जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्या मानाने निवांत. जमलं तर त्या दिवसांत जा आणि सकाळची पहिली बोट मागा. दुपारनंतर वारा सुटतो. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत तिथे जत्रा असते, ते टाळा.

अपेक्षाही बेतानेच ठेवा. हे अंदमानचं पाणी नाही. कधी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, कधी हात लांब केला की बोटंच धूसर.

फॉर्म खरा भरा

दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, गरोदरपण, सायनसचा जुना त्रास: यातलं काही असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. किनाऱ्यावर पोचल्यावर समोर कागद येतो आणि मागे रांग असते म्हणून लोक सगळीकडे "नाही" लिहून सही ठोकतात. तो कागद पाण्यात तुमच्या मदतीला येत नाही. लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी किमान वय 10 वर्षं धरतात.

कानाचा सराव

पृष्ठभागावर एक वातावरणाइतका दाब असतो, 10 मीटरवर तो दुप्पट होतो. दाबातला बदल सगळ्यात जास्त जाणवतो तो पहिल्या काही मीटरांत, म्हणजे नेमका तुमची डायव्ह जिथे होते तिथेच. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. दीड-दोन मीटरवरच ठणका लागतो तो यामुळे. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करा. दोन्ही कानांत "टक्" असा बारीक आवाज आला की झालं. गाल फुगवायचे नाहीत, जोर लावायचा नाही. नुसतं गिळूनही काहींचे कान सुटतात.

निघायच्या आठवडाभर आधीपासून हे दिवसातून चार-पाच वेळा करून बघा. एकच कान सुटत असेल तर बंद राहिलेला कान वरच्या बाजूला येईल अशी मान झुकवून करा. काही केल्या एक कान बंदच राहत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

पाण्यात गेल्यावर नियम एकच: दुखायच्या आधी कान मोकळे करा, आणि दर हातभर खाली गेलं की पुन्हा करा. दुखायला लागलंच तर थांबा, खूण करा, थोडं वर या, मग करा. सोसत खाली जाण्यात काही शौर्य नाही, पडदा फाटू शकतो.

सर्दी असेल तर डायव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा जुगाड कुणी सुचवेल, ऐकू नका. गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि तेव्हा खाली राहून वाट बघायला टाकीत हवा मोजकीच असते.

बादलीतली डायव्ह

स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून पाण्याबाहेरची हवा घ्यायची वाकडी नळी, मिळालं तर उत्तम. मित्राकडून मागा किंवा स्वस्तातलं घ्या. बादली काठोकाठ भरा, स्नॉर्केल तोंडात धरा आणि मास्क (डोळे-नाक झाकणारा काचेचा चष्मा) न लावता चेहरा पाण्यात बुडवा. पहिल्या काही सेकंदांत डोकं आपोआप वर येईल, कारण नाकाला पाणी लागलं की मेंदू "श्वास बंद" असा हुकूम सोडतो. पुन्हा बुडवा. श्वास तोंडाने लांब आत, तोंडानेच लांब बाहेर. दोन-तीन मिनिटं सलग जमायला लागलं की अर्धी भीती बादलीतच राहते. समुद्रात मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं म्हणून घाबरून वर झेपावणारे लोक याच सरावाविना आलेले असतात.

एक गोष्ट मात्र पाठच करा: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीत दाबलेली साधी हवा असते (ऑक्सिजन नव्हे, लोक काहीही म्हणोत). ती दाबाखाली फुप्फुसात भरून श्वास रोखून वर आलात, तर ती हवा प्रसरण पावते. अगदी दीड-दोन मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते.

बुकिंग करताना

दर विचारायच्या आधी हे विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे पाण्यात किती जण? प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं? उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव किती वेळ? बोटीवर तातडीच्या उपचारासाठी ऑक्सिजनचा संच आहे का? उत्तर द्यायला समोरचा कंटाळला तर फोन ठेवा. "व्हिडिओ फ्री" हा माझ्या लेखी निकष नाही. उलट व्हिडिओसाठी माशांना बिस्किटं चारणारे असतील तर सरळ नको म्हणा. हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ तोडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हातही लावू नका.

आदली रात्र आणि सकाळ

मालवणात पोचलात की सुरमई आणि कोंबडी-वडे खुणावणारच. खा, पण डायव्ह झाल्यावर. आदल्या रात्री दारू नको, जागरण नको. सकाळी निघायच्या दोनेक तास आधी पोहे किंवा इडली, पोट अर्धंच. बोट लागत असेल तर त्यावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण त्यातल्या काहींनी गुंगी येते.

चष्मा मास्कखाली बसत नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. भरघोस मिशा असतील तर मास्कच्या कडेने पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. काच धुरकट होऊ नये म्हणून मास्कमध्ये थुंकून, चोळून, विसळून घ्यायची पद्धत आहे. किळस वाटली तरी करा.

पाण्यात

खुणा बोटीवरच दोनदा करून घ्या. सगळ्यात मोठा घोळ अंगठ्याचा होतो. खाली रंगीत मासे दिसले, इन्स्ट्रक्टरने "कसं वाटतंय?" विचारलं की माणूस खुशीत अंगठा वर करतो, आणि त्याला लगेच वर नेतात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "वर चला". सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ. पंजा आडवा हलवणं म्हणजे गडबड आहे, मग दुखतं त्या जागेकडे बोट.

खाली गेल्यावर पहिला मिनिटभर काहीच बघू नका. नुसते बुडबुडे ऐका आणि श्वास लांबवा. बाकीचं आपोआप होतं. नकोसं वाटलं तर वर यायची खूण करा. पैसे गेले तर गेले.

परतीचा घाट

वर आल्यावर मास्कमध्ये रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका, सायनसवर ताण आला की असं होतं. छातीत दुखणं, धाप, सांधेदुखी, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र लगेच डॉक्टर, आणि डायव्ह केल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

एका डायव्हनंतर किमान 12 तास, एकाहून जास्त केल्या तर 18 तास विमान टाळायचं, कारण दाबाखाली अंगात विरलेल्या हवेचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. हे चिपी किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळाहून उडणाऱ्यांना सांगितलं जातं. घाट चढणाऱ्यांना कुणी सांगत नाही. आंबोली साधारण 700 मीटरवर आहे, आणि विमानाचा हा नियम 600 मीटरच्या वरच्या उंचीपासूनच धरतात. पाच-सहा मीटरच्या एका डायव्हमध्ये धोका अगदी कमी असतो, पण ओल्या कपड्यांनिशी त्याच दुपारी कोल्हापूर-बेळगावकडे गाडी हाकायची गरज काय? डायव्ह पहिल्या दिवशी ठेवा, सिंधुदुर्ग किल्ला दुसऱ्या दिवशी बघा आणि मग घाट चढा.